छोट्या धंद्याचा डेटा आणि कॉम्प्युटर कसे सांभाळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठांमधली दुकानं, मार्केट यार्डातले गाळे, भोसरीतली छोटी वर्कशॉप्स, सीए लोकांची दोन खोल्यांची ऑफिसं. इथले कॉम्प्युटर बघायचं काम मी गेली वीस वर्षं करतोय. खालचे प्रश्न मला काउंटरपलीकडून, फोनवर, आणि पावसाळ्यात तर रात्री-अपरात्रीही विचारले गेले आहेत. त्यातले बरेच प्रश्न उशिरा आले, डेटा गेल्यावर. ते आधी यावेत म्हणून हे लिहितोय.

आमचं साधं किराणा दुकान. आमच्या डेटाचं कोणाला काय पडलंय?

तुम्हाला पडलंय, एवढं पुरे आहे. कोणाकडे किती उधारी आहे, कोणत्या होलसेलरचं किती देणं आहे, मागच्या दिवाळीला कोणता माल किती गेला, हे कॉम्प्युटर न उघडता सांगता येईल का? वही होती तेव्हा ती रात्री गल्ल्याबरोबर घरी यायची. कॉम्प्युटर दुकानातच राहतो, आणि त्याच्याबरोबर सगळा हिशेबही.

शिवाय माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत चोर क्वचितच असतो. हार्ड डिस्क म्हातारी होते, विजेचा झटका बसतो, चहा सांडतो, नवीन मुलगा चुकून फोल्डर उडवतो, छत गळतं. दुकान लहान म्हणून यातलं काही टळत नाही.

बॅकअप घ्यायचा म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं?

एक कागद घ्या आणि सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद करेपर्यंत कॉम्प्युटरवर काय काय उघडता ते लिहा. हिशेबाचं सॉफ्टवेअर, बिलं, कोटेशनच्या एक्सेल शीट, ग्राहकांचे नंबर, डिझाइन, ईमेल. तीच तुमची यादी.

लोक विसरतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात. आपल्याकडे छपाईवाल्यांचं उदाहरण घ्या. नारायण आणि सदाशिव पेठेत लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं लावणारे कितीतरी लोक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटवर काम करतात. कोरल ड्रॉची फाइल सुखरूप असली आणि फाँटच गेला, तर पत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा दिसतो. म्हणून फाँटचा फोल्डर, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन फाइल, लायसन्सचे नंबर, प्रिंटरचे ड्रायव्हर हे सगळं बॅकअपमध्ये हवं. डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची छोटी किल्ली, लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसेल तर तो डोंगलही जपायची वस्तू आहे. डिजिटल सहीचं टोकनही तसंच. त्याची कॉपी निघत नाही, त्यामुळे ते आणि त्याचा पासवर्ड कुठे आहे हे दोघांना तरी माहीत असू द्या.

आम्ही रोज पेनड्राइव्हवर कॉपी काढतो. पुरे ना?

काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं. पण तो पेनड्राइव्ह रात्री कुठे असतो? दहापैकी आठ ठिकाणी उत्तर येतं: कॉम्प्युटरलाच लावलेला, नाहीतर त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मग आग, पाणी आणि चोर दोन्ही एकदमच नेतात, आणि व्हायरस आला तर तो लावलेल्या पेनड्राइव्हवरही बसतो.

जगभर एक साधा नियम वापरतात, तीन-दोन-एक. डेटाच्या एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली १ दुसऱ्या जागी. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: पहिली प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा घरी नेलेल्या दुसऱ्या डिस्कवर. दोन डिस्क घेऊन त्यांची अदलाबदल करणं मला सगळ्यात सोपं वाटतं. सोमवारी ‘अ’ डिस्क दुकानात आणि ‘ब’ घरी, पुढच्या सोमवारी उलट. मार्कर पेनने नाव टाका, म्हणजे गोंधळ होत नाही.

पेनड्राइव्ह हे ने-आण करायचं साधन आहे. वर्षानुवर्षांचा हिशेब एकट्या त्याच्या भरवशावर ठेवू नका.

टॅलीचा बॅकअप कसा घ्यायचा?

टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आहे. कंपनी निवडायची आणि जागा सांगायची, झालं. जागा सांगताना सी ड्राइव्हवरच बॅकअप घेणारे खूप भेटतात. ज्या डिस्कवर मूळ डेटा आहे तिच्यावरच घेतलेली प्रत ती डिस्क गेली की जाते.

परत आणताना मात्र सावध राहा. रिस्टोर करताना चालू डेटाचा फोल्डर दिला, तर आजच्या नोंदींवर जुना डेटा बसतो. आधी नवा रिकामा फोल्डर करा, तिथे रिस्टोर करा, कंपनी उघडून बघा, मग पुढचं ठरवा. आणि टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवा. तो विसरला तर उघडून द्यायची सोय कोणाकडेच नाही.

आमचं सगळं गुगल ड्राइव्हवर आपोआप जातं. मग काळजी कशाला?

आपोआप जातं तसंच आपोआप उडतंही. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह तुमच्या फोल्डरचा आरसा धरतात. इथे फाइल खोडली की तिथेही खोडली जाते, इथे फाइल खराब झाली की तिथेही खराब प्रत चढते. गुगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. मार्चमध्ये चुकून उडालेली शीट जूनमध्ये लागली, तर ती तिथे नसणार.

क्लाउड जरूर वापरा, पण त्याच्या जोडीला महिन्याला एक अशी प्रत घ्या की जिला नंतर कोणी हात लावणार नाही. फोल्डरच्या नावात तारीख घाला. आणखी एक म्हणजे फुकटच्या १५ जीबीमध्ये जीमेल, फोटो आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप सगळंच मोजलं जातं. जागा भरली की नवीन काही चढायचं थांबतं, आणि तो इशारा महिनोन् महिने कोणी वाचत नाही.

क्लाउडवर पहिल्यांदा सगळा डेटा चढवायला किती वेळ लागेल?

इंटरनेटची जाहिरात डाउनलोडच्या वेगाची असते. इथे अपलोडचा वेग मोजायचा. १०० जीबी डेटा आणि २० एमबीपीएस अपलोड असेल तर साधारण ११ तास, म्हणजे एक रात्र. परत उतरवतानाही वेळ लागतो हे धरून ठेवा. म्हणूनच जवळच्या डिस्कवरची प्रत हवी: एखाद्या दिवशी दुपारपर्यंत दुकान पुन्हा चालू करायचं असेल तर तीच कामाला येते.

आमच्या ऑफिसात दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) आहे, एक गेली तरी दुसरी चालते. हाच बॅकअप ना?

नाही. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. खोडलेली फाइल दोन्हीवरून खोडली जाते, व्हायरस दोन्ही डिस्कवर चढतो, आणि डबा चोरीला गेला तर दोन्ही जातात.

बॅकअप रोजच घ्यायला हवा का?

स्वतःला विचारा: किती दिवसांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तर झेपेल? रोज दीडशे बिलं फाडणाऱ्याला एक दिवसही जड जातो. महिन्याला चार कोटेशन पाठवणाऱ्या फॅब्रिकेटरला आठवड्याने चालतं. दुसरा प्रश्न, कॉम्प्युटर किती वेळ बंद राहिलेला चालेल? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरच्या कापडवाल्याचं उत्तर तासांत येईल. ही दोन उत्तरं मिळाली की काय खरेदी करायचं हे आपोआप ठरतं. मी कोणालाही यंत्र सुचवण्याआधी हेच विचारतो.

घेतलेला बॅकअप खरंच चालतो हे कसं कळणार?

परत उघडून बघायचं. दुसरा उपाय नाही, आणि या सगळ्या पानावर मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

काही वर्षांपूर्वी बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळच्या एका दुकानातून फोन आला. हार्ड डिस्क टकटक करत होती, मग कॉम्प्युटर सुरूच होईना. मी गेलो तर हिशेब बघणाऱ्या ताई अगदी शांत. “दादा, रोजचा बॅकअप आहे,” म्हणाल्या आणि एक छोटी डायरी पुढे केली. रोज संध्याकाळी बॅकअप घेतला की तारखेपुढे बरोबरची खूण. तीन वर्षांच्या खुणा, निळ्या शाईत, सुट्टीचे दिवस सोडले तर एकही चुकलेली नाही. मी पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच फाइल होती. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण, आकार २ केबी. डेस्कटॉपवरचा फोल्डर समजून त्या तीन वर्षं त्याचा शॉर्टकट कॉपी करत होत्या. शॉर्टकट म्हणजे नुसती पाटी, ‘अमुक घर तिकडे आहे’ असं सांगणारी. घर त्या टकटकणाऱ्या डिस्कवरच होतं.

त्या ताईंची चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना काम सांगितलं गेलं होतं, ते त्यांनी निष्ठेने केलं. त्या तीन वर्षांत एकदाही दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती प्रत उघडून बघा असं कोणी म्हणालं नाही.

तुम्ही महिन्यातून एकदा हे करा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या, म्हणजे घरच्या लॅपटॉपला लावा. कालचं एक बिल, मागच्या वर्षीचं एक बिल आणि एक डिझाइन किंवा शीट उघडा. फोल्डरचा एकूण आकार मूळ फोल्डरशी ताडून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि सगळंच गेलं असेल तर? काहीच परत मिळत नाही का?

बरंच मिळतं, पण घाम गाळून. त्या दुकानाचंच सांगतो. भरलेली जीएसटीआर-१ रिटर्न पोर्टलवरून उतरवली, त्यात विक्रीची बिलं मिळाली. खरेदीसाठी जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं पत्रक. बँकेकडून स्टेटमेंट. सीएंकडे मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि एक जुनी डेटा फाइल होती. व्यापाऱ्यांना फोन करून खातेउतारे मागवले. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असणाऱ्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे अशांची व्यापाऱ्यांना दिलेली बिलं सरकारी पोर्टलवर नोंदलेली असतात. या दुकानाला ते लागू नव्हतं. अडीच महिने गेले. काउंटरवरची किरकोळ उधारी मात्र कुठेच नोंदलेली नव्हती, ती लोकांच्या सांगण्यावर सोडावी लागली.

डिस्क आवाज करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. बंद करा आणि डेटा रिकव्हरीचं काम खरोखर करणाऱ्याकडे न्या. फाइल चुकून खोडली असेल तरी त्या डिस्कवर काम थांबवा. एसएसडीमध्ये, म्हणजे नव्या प्रकारच्या चिपवाल्या डिस्कमध्ये, खोडलेली जागा यंत्र स्वतःच साफ करत असतं, त्यामुळे तिथून परत मिळायची आशा जुन्या हार्ड डिस्कपेक्षा खूप कमी.

पुण्यात पुराची एवढी भीती कशाला? आमचं दुकान नदीपासून लांब आहे.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पेठांमध्ये पाणी शिरलं, हे आजी-आजोबांकडून प्रत्येकाने ऐकलंय. पण ती एकदाच झालेली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून खाली सहकारनगर, टांगेवाले कॉलनीपर्यंत पाण्याने वस्त्या झोडपल्या. तिथले कितीतरी लोक नदीपासून लांबच राहत होते. २५ जुलै २०२४ला धुवांधार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकत्र आलं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. ओढे, नाले, तुंबलेली गटारं, बेसमेंट आणि गळकं छत, यातलं एक तरी प्रत्येकाच्या जवळ असतं.

त्या जुलैत मी एका छपाईवाल्यांकडे गेलो होतो. पाणी ओसरलं होतं, चिखल राहिला होता. टेबलाच्या पायांवर गुडघ्याच्या वर पाण्याची तपकिरी रेघ होती. सीपीयू जमिनीवर होता, म्हणून पूर्ण बुडालेला. बॅकअपची डिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये, तीही रेघेच्या खालीच. वरच्या फळीवर, पाण्यापासून चार फूट उंच, गणपतीच्या फोटोशेजारी रिकामी खोकी रचलेली होती. ती कोरडी होती. मालक बराच वेळ त्या फळीकडे बघत उभे होते, आणि माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून: सीपीयू आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका, भिंतीला फळी ठोका. वायरचा एक्स्टेंशन बोर्डही वर घ्या. बेसमेंटमध्ये सर्व्हर नको. जुन्या वाड्यातली जागा असेल तर मे महिन्यातच छत बघून घ्या आणि कॉम्प्युटर कौलांच्या जोडाखाली नाही ना ते तपासा. आणि खडकवासल्याचा विसर्ग वाढवल्याच्या, भिडे पूल पाण्याखाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की त्या संध्याकाळी डिस्क घरी न्या.

पाणी शिरलंच तर पहिलं काय करायचं?

आधी माणूस. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करा, नाहीतर महावितरणला कळवा आणि बाहेर थांबा.

पाणी ओसरल्यावर काही उचलण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. पाण्याची रेघ, यंत्रांचे सिरियल नंबर, सगळं दिसू द्या. पंचनाम्याला आणि विम्याला ते लागतं.

भिजलेला कॉम्प्युटर चालू करून बघायचा मोह होतोच. करू नका. हार्ड डिस्क उन्हात, हेअर ड्रायरने किंवा तांदळात वाळवू नका, उघडू तर मुळीच नका. वाळलेला चिखल आत चिकटून बसतो. ओलसर अवस्थेतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रिकव्हरीवाल्याकडे न्या.

गुरुवारी वीज जाते. यूपीएस आहे, मग झालं ना?

यूपीएस हा फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता असतो. दुरुस्तीसाठी महावितरणने दिवसभर वीज बंद ठेवली तर छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांपलीकडे साथ देत नाही, आणि त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लावलेला आहे आणि हिरवा दिवा लागतोय यावर जाऊ नका. महिन्यातून एकदा फाइल सेव्ह करून भिंतीचं बटण बंद करा आणि किती मिनिटं टिकतो ते बघा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो एकदम जास्त करंट ओढतो.

खरा धोका मात्र वीज परत येताना आणि वळवाच्या पावसात कडकडाट होतो तेव्हा असतो. स्पाइक गार्डमधलं संरक्षण अर्थिंगच्या भरवशावर असतं, आणि जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तारच नसल्याचं मी अनेकदा पाहिलंय. वायरमनला बोलावून तेवढं तपासून घ्या. इंटरनेटची केबल तांब्याची असेल तर विजेचा झटका तिच्यातूनही येतो, म्हणून कडकडाटात तीही काढा.

आग लागली तर?

२६ मार्च २०२१च्या रात्री कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट जळालं, ती दृश्यं आठवा. तिथे दुकानातली कोणतीही प्रत वाचली नसती. बाहेरची प्रत हवी ती यासाठी. अग्निशमन दलाचा नंबर १०१. दुकानात पावडरचा सिलिंडर असेल तर तो वापराच, पण ती पावडर यंत्रांत शिरून नंतर त्यांना गंजवते. कॉम्प्युटरशेजारी कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर ठेवणं चांगलं.

सगळ्या फाइलींची नावं बदललीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आलीय. आता?

हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागणारा व्हायरस. ताबडतोब इंटरनेटची आणि नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, बाकीचे कॉम्प्युटरही नेटवर्कपासून वेगळे करा. बॅकअपची डिस्क त्या कॉम्प्युटरला लावू नका. ही चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे आणि शेवटची चांगली प्रतही गेली. पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढा. फॉरमॅट मारायची घाई नको.

युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. तुमचा प्रकार त्यात असेलच असं नाही, पण बघायला काही जात नाही.

पैसे देऊ नका असंच मी सांगतो. दिले तरी किल्ली मिळेल याची खात्री नसते, आणि हा देतो हे कळल्यावर पुन्हा मागणी येते.

हा व्हायरस आमच्याकडे आलाच कसा?

छोट्या ऑफिसात मला तीन वाटा दिसतात. एक, ‘जीएसटी नोटीस’ किंवा ‘पेमेंट अॅडव्हाइस’ नावाची ईमेलमधली फाइल. दोन, चोरीचं सॉफ्टवेअर आणि त्याचा क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारी फाइल. तीन, मालकाला घरून टॅली बघता यावी म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला, पासवर्ड १२३४५. तिसरी वाट सगळ्यात घातक, कारण अशा उघड्या दारांच्या शोधात यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. घरून काम हवंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खासगी बंद वाट, लावून घ्या.

अपडेटचंही तसंच. १२ मे २०१७ला वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेलं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ‘नंतर’ दाबलं ते सापडले.

आमचा विंडोज १० व्यवस्थित चालतोय. बदलायलाच हवा?

१४ ऑक्टोबर २०२५पासून त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे. चालत राहील, पण नवी भोकं बुजवली जाणार नाहीत. विंडोज ११वर जा. ते जमेपर्यंत मायक्रोसॉफ्टची मर्यादित मुदतीची वाढीव सुरक्षा-अपडेट योजना घ्या, आणि बँकेचं काम त्या कॉम्प्युटरवर करू नका.

तक्रार कुठे करायची?

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर. पहिल्या तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे, सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

धंदा सगळा फोनवरच चालतो. फोन हरवला तर?

सिम कंपनीला फोन करून सिम बंद, बँकेला सांगून यूपीआय बंद, मग गुगलच्या ‘फाइंड’ सोयीने फोन लॉक. या क्रमाने. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेत असाल तर रोजचा बॅकअप चालू आहे का ते आत्ताच बघा, आणि दोन टप्प्यांचा पिन लावा. मोठ्या ऑर्डर चॅटमध्येच पडून राहू देऊ नका. संध्याकाळी वहीत किंवा शीटमध्ये उतरवा.

सगळे पासवर्ड साहेबांच्या डोक्यात आहेत. चालेल का?

साहेब हॉस्पिटलमध्ये असले तर? एका कुटुंबावर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. मुलगी दुकान सांभाळायला तयार होती, पण जीमेलचा पासवर्ड नाही, ओटीपी वडिलांच्या लॉक फोनवर, आणि वेबसाइटचं नाव ज्या मुलाने घेतलं होतं तो कधीच गाव सोडून गेलेला.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं अॅप, वापरा, आणि त्याचा मुख्य पासवर्ड, जीमेलचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे), बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली हे पाकिटात बंद करून घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. डोमेनचं नाव, होस्टिंग, जीएसटी पोर्टलचा ईमेल आणि मोबाइल हे धंद्याच्या किंवा मालकाच्या नावावरच हवेत. कोणी काम सोडून जात असेल तर त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. माणूस कितीही चांगला असला तरी. त्यात त्याचंही संरक्षण आहे.

हिशेब किती वर्षं जपायचे?

जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. खटला किंवा अपील चालू असेल तर त्याहून जास्त. मी म्हणतो १० वर्षं ठेवा, टॅलीचा डेटा जागा फारशी घेत नाही.

ग्राहकांची माहिती मात्र उगाच साठवू नका. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती जपण्यात हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. क्लासवाल्यांनी, क्लिनिकवाल्यांनी आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि फोटोंचे ढीग आजच कमी करावेत.

विमा आहे. मग डेटाचे पैसे मिळतील ना?

पॉलिसी काढून वाचा. आगीच्या आणि पुराच्या पॉलिसीत यंत्राची किंमत मिळते, त्यातल्या नोंदींची नाही. १ एप्रिल २०२१पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात पूर येतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांची वेगळी पॉलिसी असते आणि तिच्यात डेटा पुन्हा भरण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र भाग घेता येतो. एजंटला नेमकं हेच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आज रात्री माझ्याकडे एकच तास आहे. काय करू?

बाहेरची एक हार्ड डिस्क लावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बॅकअप घ्या, मग कामाचे फोल्डर आणि फाँट कॉपी करा. कॉपी चालू असताना जीमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवा. सीपीयू जमिनीवर असेल तर कॉपी झाल्यावर तो बंद करून एखाद्या मजबूत स्टुलावर उचलून ठेवा, फळी रविवारी ठोका. डिस्क सुरक्षितपणे काढा, पिशवीत घाला आणि घरी न्या. जेवणानंतर ती घरच्या लॅपटॉपला लावून आजचं शेवटचं बिल किंवा शेवटची फाइल उघडून बघा. उघडली तर डिस्क कपाटात ठेवा. नाही उघडली तर कॉम्प्युटरवाल्याला उद्या सकाळी, शटर वर करायच्या आधी फोन करा.